हवेतील रासायनिक प्रदूषके आणि दमा

ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, डिझेलचा धूर, फॉर्माल्डिहाइड यांसारखी प्रदूषके श्वासावाटे आत गेली की दमा बळावतो आणि ॲलर्जीमुळे श्वासनलिकांना आलेली सूज वाढते. यांतली बहुतेक प्रदूषके स्वतः ॲलर्जी निर्माण करत नाहीत. ती श्वसनमार्गाच्या अस्तराला इजा करतात आणि परागकण, बुरशी, धुळीतले सूक्ष्म किडे यांना शरीर देत असलेली प्रतिक्रिया तीव्र करतात. ‘मला धुराची ॲलर्जी आहे’ असे सांगणाऱ्या रुग्णाच्या त्वचाचाचणीत धुराविरुद्ध काहीच दिसत नाही, ते यामुळेच. पण म्हणून त्याचा त्रास मनाचा खेळ ठरत नाही.

कोणते प्रदूषक कुठवर पोचते, हे बरेचसे त्याच्या विद्राव्यतेवर ठरते. सल्फर डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे नाकाने संथ श्वास घेताना तो बहुतांशी नाकातच अडतो. धावताना किंवा जिना चढताना तोंडाने श्वास सुरू झाला की तो थेट खाली उतरतो आणि दमेकऱ्याच्या श्वासनलिका काही मिनिटांत आवळल्या जातात. त्याच प्रमाणाने निरोगी माणसाला सहसा काहीच होत नाही. ओझोन कमी विरघळतो, म्हणून फुप्फुसात खोलवर जातो. तो धुराड्यातून बाहेर पडत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि बाष्पनशील कार्बनी संयुगे यांच्यावर ऊन पडले की हवेतच तयार होतो. त्यामुळे सकाळच्या वाहतुकीचा त्रास कडक उन्हाच्या दुपारी उमटतो. पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे हवेतले कण, केसाच्या जाडीच्या साधारण पंचविसाव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान असतात आणि आपल्याबरोबर धातू व अर्धवट जळालेली हायड्रोकार्बने वाहून नेतात.

इजा अस्तरापासून सुरू होते. ऑक्सिडीकारक वायू आणि कण यांना निष्प्रभ करताना ग्लुटाथायोनसारखी संरक्षक द्रव्ये खर्ची पडतात, पेशींमधले सांधे सैल होतात आणि एरवी बाहेरच राहणारी ॲलर्जीकारक प्रथिने आत झिरपतात. दुखावलेल्या पेशी टीएसएलपी आणि इंटरल्यूकिन-३३ ही संदेशवाहक प्रथिने सोडतात. त्यांनी जागृत झालेल्या प्रतिकारपेशी इंटरल्यूकिन-४, ५ व १३ ही तशीच संदेशवाहक प्रथिने स्रवतात. त्यांतून ॲलर्जी घडवणारी आयजीई प्रतिद्रव्ये वाढतात, इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी गोळा होतात आणि चिकट कफ साचतो. याखेरीज ॲक्रोलिन, फॉर्माल्डिहाइड अशी रसायने श्वसनमार्गातल्या मज्जातंतूंच्या टोकांना थेट डिवचतात. वास येताच खोकल्याची उबळ येते ती त्यामुळे.

प्रदूषक आणि ॲलर्जीकारक एकत्र आले की काय होते, हा या विषयाचा गाभा आहे. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियात स्वयंसेवकांच्या नाकात रॅगवीड या तणाच्या परागांचा अर्क डिझेलच्या कणांसह सोडून पाहिला. नुसत्या परागांनी वाढले त्यापेक्षा त्या परागांविरुद्धचे आयजीई कित्येक पटींनी अधिक वाढले. परागकणही तसेच राहत नाहीत. नायट्रोजन डायऑक्साइड व ओझोन यांच्या संयोगाने बर्च झाडाच्या परागातल्या मुख्य प्रथिनाची रासायनिक रचना बदलते आणि ते अधिक ॲलर्जीकारक होते. म्हणून केवळ हवेच्या निर्देशांकाचा आकडा पाहून रुग्णाला धीर देणे अपुरे आहे. परागांच्या हंगामात मध्यम प्रदूषणही त्याला जड जाऊ शकते.

प्रदूषके सहसा स्वतः ॲलर्जी निर्माण करत नाहीत, याला आयसोसायनेटे ही औद्योगिक रसायने हा मोठा अपवाद. फोमचे उत्पादन आणि गाड्यांची फवारा-रंगाई यांत ती वापरली जातात. शरीरातल्या प्रथिनांना चिकटून ती स्वतःच संवेदनशीलता निर्माण करतात, आणि एकदा ती आली की अगदी नगण्य मात्राही पुरते. झटका अनेकदा काही तासांनी, रात्री घरी आल्यावर येतो, त्यामुळे कामाशी असलेला संबंध लक्षात येत नाही. सुट्टीत बरे वाटते का, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारायलाच हवा. कामगाराला लवकर त्या संपर्कातून बाहेर काढणे हाच खरा उपचार. उशीर झाला तर काम सोडल्यावरही दमा राहू शकतो.

जपानमधील योक्काइची येथे पेट्रोरासायनिक संकुलाच्या सल्फरयुक्त धुराने १९६०च्या दशकात रहिवाशांना दम्याने ग्रासले. १९६७ मध्ये नऊ रुग्णांनी सहा कंपन्यांविरुद्ध दावा लावला आणि १९७२ मध्ये तो जिंकला. लंडनमध्ये २०१३ साली दम्याने दगावलेल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूला वायुप्रदूषण हातभार लावणारे होते, असा निष्कर्ष मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने २०२० मध्ये नोंदवला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शक मर्यादा वार्षिक सरासरीत पीएम २.५ साठी प्रतिघनमीटर ५ मायक्रोग्रॅम आणि नायट्रोजन डायऑक्साइडसाठी १० मायक्रोग्रॅम अशा आहेत. रुग्णाच्या हाती असलेले उपाय मर्यादित आहेत. नियमित श्वसनमार्गी स्टेरॉइडने सूज आटोक्यात राहते, मात्र सिगारेट ओढणाऱ्यांत त्याचा परिणाम कमी होतो. ओझोनच्या दिवसांत मैदानावरचा व्यायाम सकाळी उरकावा. एन-९५ मुखपट्टी कण अडवते, वायू नाही.