बुटाच्या मापाचा पाय

डिसेंबर २००३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अमेरिकेतल्या एका नव्या लाटेची बातमी दिली. निमुळत्या, उंच टाचेच्या सँडलमध्ये पाऊल बसावं, उघड्या चपलेत बोटं नीटस दिसावीत, एवढ्यासाठी बायका पायावर शस्त्रक्रिया करून घेत होत्या. कुणी लांब बोट आखूड करून घेई, कुणी चवड्याखाली कोलॅजेन या प्रथिनाचं इंजेक्शन. त्याच सुमारास पाय आणि घोट्याच्या अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने १७५ सदस्यांकडे चौकशी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी सांगितलं, की अशा शस्त्रक्रियेनंतर बिघडलेले पाय आमच्याकडे आले आहेत. केवळ दिसण्यासाठी पावलावर सुरी चालवू नये, अशी या संघटनेची भूमिका आहे.

बुटासाठी पाय खर्ची घालणं मात्र फार जुनं. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मध्ययुगीन दफनभूमींतल्या १७७ सांगाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या सांगाड्यांपैकी ६ टक्क्यांमध्ये अंगठा शेजारच्या बोटाकडे वळून त्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं होतं, म्हणजे आज ज्याला बनियन म्हणतात ते. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या सांगाड्यांत हेच प्रमाण २७ टक्के. मधल्या काळात लांब टोकदार बुटांची फॅशन आली होती. वाकड्या अंगठ्याच्या वयस्क माणसांत पडल्यावर होतात तशी हाडमोडही जास्त आढळली. चीनमध्ये तर चार-सहा वर्षांच्या मुलींची चार बोटं तळव्याखाली दुमडून पट्ट्यांनी आवळत, पाऊल तीन इंचांचं व्हावं म्हणून. १९१२ मध्ये नव्या प्रजासत्ताकाने त्यावर बंदी घातली, तरी खेड्यापाड्यांत ती प्रथा रेंगाळली. आजच्या शस्त्रक्रियेची तिच्याशी बरोबरी मी करणार नाही. तिथे लहान मुलीला कुणी विचारतच नव्हतं, इथे सज्ञान बाई स्वतः सही करते. पण सही करण्याआधी तिला सगळं सांगितलेलं असतं का, हा प्रश्न मला सतावतो.

कारण पाऊल म्हणजे नाक नव्हे. एका पावलात २६ हाडं असतात आणि ऑपरेशननंतर त्यांच्यावरच उभं राहायचं असतं. १९०४ मध्ये केलर या अमेरिकन लष्करी शल्यविशारदाने बनियनसाठी अंगठ्याच्या पहिल्या हाडाचं बूड कापून काढण्याची पद्धत मांडली. अंगठा सरळ होई, दुखणं कमी होई आणि पद्धत पुढे बरीच वर्षं चालली. पण अंगठ्याचा जोर जाई, तो जमिनीला रेटा देईनासा होई आणि भार शेजारच्या बोटांच्या मुळांवर पडून तिथे दुखू लागे. म्हणून ती पुढे मुख्यतः वयस्कर, कमी चालणाऱ्या रुग्णांपुरती उरली. बनियनसाठी आजवर शंभराहून अधिक पद्धती मांडल्या गेल्या. एकच पद्धत सगळ्यांना लागू पडली असती, तर एवढ्या निघाल्याच नसत्या.

बोट आखूड करणं ऐकायला किरकोळ वाटतं. बोटाच्या पेराशी चीर देऊन हाडाचा थोडा तुकडा काढतात आणि बोट सरळ राहावं म्हणून बहुतेकदा त्यातून एक बारीक तार घालतात. तारेचं टोक बोटाच्या शेंड्यातून बाहेर डोकावत असतं, साधारण चार ते सहा आठवडे. या काळात तिथे पाणी लागू द्यायचं नाही, कशाला अडकू द्यायची नाही. पुढे बोट ताठ राहू शकतं, बधिर होऊ शकतं, जमिनीला न टेकता वर तरंगत राहू शकतं. सूज कित्येक महिने रेंगाळते. ज्या बुटासाठी हे केलं, तोच तोवर पायात जात नाही. ज्याला चालताना रोज कळ येते, तो हा धोका पत्करतो ते समजतं. त्याच्याकडे गमावण्यासारखं दुखणं असतं. न दुखणाऱ्या पायाकडे गमावण्यासारखं फक्त त्याचं न दुखणं असतं.

आपल्याकडे पावलाकडे बघणं वेगळ्या वाटेने आलं. मुलगी बघायला आलेली मंडळी तिला चालून दाखवायला सांगत. अंगठ्याशेजारचं बोट लांब असेल तर ही नवऱ्यावर वरचढ होणार, असं आजही कुठे कुठे बोललं जातं. ती बोटाची साधी ठेवण आहे, आजार नव्हे. शिवाय आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे. २०२३ च्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, अहवालात भारतातल्या मधुमेहींचा आकडा १० कोटींवर गेला. साखर वाढलेल्या पायाची जखम लवकर भरत नाही आणि संवेदना गेली असेल तर चिघळलेलीही कळत नाही. अशा पायावर हौसेखातर चीर देणं मला भीतिदायक वाटतं.

त्याच अमेरिकन संघटनेने १९९३ मध्ये ३५६ बायकांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यांतल्या ८८ टक्के बायका आपल्या पावलापेक्षा लहान बूट वापरत होत्या. कोल्हापुरी करणारे कारागीर जसं कागदावर पाऊल ठेवून भोवती पेन्सिल फिरवतात, तसं घरी करून बघता येतं. संध्याकाळी, दिवसभराने पाय थोडे सुजलेले असताना, पूर्ण भार देऊन उभं राहायचं, रेघ काढायची आणि त्या आकृतीवर आपली नेहमीची सँडल ठेवायची. करंगळीची रेघ सँडलच्या बाहेर किती उरते, ते तिथेच दिसतं.