तीस मीटर दुर्बीण अजून का उभी राहिली नाही : पार्श्वभूमी

पावसाळा सरल्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शाळांमध्ये आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात, तेव्हा तीस मीटर रुंद आरशाच्या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीचा, म्हणजे ‘थर्टी मीटर टेलिस्कोप’ किंवा टीएमटीचा, विषय हमखास निघतो. भारताचा सुमारे दहा टक्के वाटा असलेली ही दुर्बीण इतक्या वर्षांत उभी का राहिली नाही, असे विद्यार्थी विचारतात. याचे कारण बव्हंशी एका डोंगराच्या निवडीत आणि त्या निवडीच्या पद्धतीत आहे.

आपल्या भागाच्या जवळ, पुण्यात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेधशाळा झाली होती. तिची वीस इंची दुर्बीण १९१२ मध्ये कोडाईकनालला गेली. पुढे कावलूर, हानले, जुन्नरजवळचे गिरावली आणि २०१६ मध्ये देवस्थळ येथील ३.६ मीटरची दुर्बीण, असा आपला प्रवास झाला. एवढ्या मोठ्या आरशांचा अनुभव मात्र बाहेरचाच होता. अमेरिकेच्या हवाई राज्यातील मौना केआ या सुप्त ज्वालामुखीवर १९९३ मध्ये ३६ षटकोनी तुकड्यांचा दहा मीटर आरसा असलेली केक दुर्बीण सुरू झाली आणि टीएमटीची कल्पना त्याच मार्गाने पुढे गेली. तिच्या आरशात असे ४९२ तुकडे मधाच्या पोळ्यासारखे शेजारी शेजारी बसवायचे आहेत. प्रत्येक तुकडा सुमारे १.४४ मीटर रुंद, दोन तुकड्यांमधील फट जेमतेम अडीच मिलिमीटर, आणि कडांवरचे संवेदक नॅनोमीटरच्या पातळीवरचे हलणे टिपून तुकडे पुन्हा जागेवर आणणार. वातावरणामुळे होणारी ताऱ्यांची थरथर लवचिक आरशांनी दुरुस्त केली, की विश्वातील पहिल्या दीर्घिका आणि परग्रहांची वातावरणे अभ्यासता येतील. यातील काही तुकड्यांना पैलू देणे, तसेच संवेदक आणि सॉफ्टवेअर, ही कामे भारताकडे आली.

जुलै २००९ मध्ये चिलीतील सेरो आर्माझोनेसऐवजी मौना केआची निवड झाली. उंची, कोरडी हवा आणि स्थिर वातावरण पाहता शास्त्रीयदृष्ट्या ही निवड भक्कम होती. परंतु हा डोंगर मूळ हवाईवासीयांना पवित्र आहे, त्यावर आधीच तेरा वेधशाळा झाल्या होत्या आणि १९९८ च्या राज्य लेखापरीक्षणाने तेथील व्यवस्थापनावर कडक ताशेरे ओढले होते. असे असूनही २०११ मध्ये राज्याच्या जमीन मंडळाने हरकतींवरील सुनावणी होण्याआधीच बांधकामाला परवानगी दिली. सुनावणी त्यानंतर झाली. माझ्या मते पुढच्या सर्व विलंबाचे मूळ या क्रमात आहे. हवाई बेटावरील विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी दरवर्षी दहा लाख डॉलरचा निधी २०१४ मध्ये सुरू झाला. तो स्वागतार्हच होता, पण तोवर निर्णय होऊन गेला होता आणि शिष्यवृत्तीने संमतीची जागा भरून निघत नाही. कोयनेच्या विस्थापितांचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या साताऱ्यात हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

ऑक्टोबर २०१४ मध्ये भूमिपूजनाचा समारंभ आंदोलकांनी रोखला, तर एप्रिल २०१५ मध्ये रस्ता अडवणाऱ्यांना अटक झाली. डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीपूर्वी दिलेली परवानगी रद्द ठरवली. नव्याने दिलेली परवानगी २०१८ मध्ये टिकली, परंतु जुलै २०१९ मध्ये काम सुरू होऊ लागताच ज्येष्ठ हवाईवासीय रस्त्यात बसले आणि त्यांनाही अटक झाली. दरम्यान, स्पेनच्या ला पाल्मा बेटाला पर्यायी जागा म्हणून मान्यता मिळाली होती.

२०२२ च्या कायद्याने डोंगराच्या व्यवस्थापनासाठी नवे प्राधिकरण आले आणि त्यात मूळ रहिवाशांना स्थान मिळाले. ज्या चर्चेची गरज २००९ पूर्वी होती, तिला कायद्याचे अधिष्ठान तेव्हा लाभले. २०२५ मध्ये स्पेनने ला पाल्मासाठी ४० कोटी युरोची तयारी दाखवली. टीएमटीने नाकारलेल्या आर्माझोनेस शिखरावर आज युरोपीय देशांच्या ३९ मीटर दुर्बिणीचे बांधकाम चालू आहे.