टेक्सासमधील मुलांसाठीचा उशिराचा हरीण-हंगाम : पात्रता, परवाने आणि पालकांचे कागद

ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुले शाळेतल्या मित्रांकडून हरणाच्या शिकारीबद्दल ऐकतात आणि एखाद्या वर्षी हट्ट धरतात, तेव्हा आईवडील बहुधा डिसेंबर संपताना चौकशीला लागतात. तोवर सर्वसाधारण हंगामाचे थोडेच दिवस उरलेले असतात आणि कोणीतरी सांगते की मुलांसाठी जानेवारीत वेगळा हंगाम असतो. ते खरे आहे. पण त्या हंगामासाठी धावपळ करणाऱ्या ज्या कुटुंबांना ऐनवेळी थांबावे लागते, त्यांच्यापैकी बहुतेकांचे घोडे मुलाच्या कागदांवर अडलेले नसते. ते आईचे किंवा वडिलांचे कागद अपुरे असल्यामुळे अडलेले असते. म्हणून या लेखात मुलाच्या परवान्यापेक्षा पालकाच्या पात्रतेवर अधिक लिहिले आहे.

मुलाचा परवाना हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचा युवा शिकार परवाना सात डॉलरना मिळतो, तो राज्यातील रहिवासी आणि बाहेरील मूल या दोघांनाही त्याच किमतीत मिळतो, आणि परवाने विकणाऱ्या दुकानात किंवा ऑनलाइन काही मिनिटांत काढता येतो. परवान्याचे वर्ष ३१ ऑगस्टला संपते. नव्या वर्षाचे परवाने १५ ऑगस्टपासून विक्रीला येतात.

तारखा आणि वय

पहिला घोळ तारखांचा होतो. व्हाइट-टेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणांसाठी राज्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन विभाग आहेत. उत्तर विभागाचा सर्वसाधारण हंगाम जानेवारीच्या पहिल्या रविवारी संपतो, दक्षिण विभागाचा तिसऱ्या रविवारी, पण मुलांचा चौदा दिवसांचा हंगाम दोन्हीकडे जानेवारीच्या पहिल्या रविवारनंतरच्या सोमवारी सुरू होतो. २०२४-२५ मध्ये तो दोन्ही विभागांत ६ ते १९ जानेवारी असा होता. सर्वसाधारण हंगाम संपण्याची ओळखीच्या माणसाने सांगितलेली तारीख त्याच्या काउंटीची (जिल्ह्यासारख्या विभागाची) असते, आपल्या काउंटीची असेलच असे नाही. त्यातही उवाल्दे आणि मेदिना यांसारख्या काउंटींमधून महामार्ग ९० ही विभागांची सीमा जाते, त्यामुळे एकाच काउंटीत रस्त्याच्या अलीकडे सर्वसाधारण हंगाम एका तारखेला संपतो आणि पलीकडे दुसऱ्या. जमीन ठरली की तिच्या मालकालाच विचारावे की ती महामार्गाच्या कोणत्या बाजूला आहे. काउंटीचे नाव ऐकून तारीख गृहीत धरू नये.

दुसरा घोळ वयाचा आहे आणि तो जास्त वाईट आहे, कारण त्यात कुटुंबाची काही चूक नसते. युवा परवाना खरेदीच्या दिवशी सतरा वर्षे पूर्ण न झालेल्या कोणालाही मिळतो आणि परवान्याच्या वर्षअखेरीपर्यंत वैध राहतो. मुलांचा हंगाम मात्र फक्त सोळा वर्षांपर्यंतच्या शिकाऱ्यांसाठी आहे. सप्टेंबरमध्ये सोळाव्या वर्षी परवाना घेतलेला आणि डिसेंबरमध्ये सतरा पूर्ण केलेला मुलगा जानेवारीत खिशात वैध परवाना घेऊन जातो आणि त्या हंगामात हरीण मारू शकत नाही. परवान्यावर ही गोष्ट ठळक छापणे अवघड नव्हते. तसे होत नाही तोवर घरातच वाढदिवसाची तारीख हंगामाशी ताडून पाहावी.

याच दिवसांत उत्तर विभागातील काही काउंटींमध्ये प्रौढांनाही केवळ माद्या आणि फाटा न फुटलेल्या शिंगांचे नर यांच्यासाठी विशेष उशिराचा हंगाम असतो. दोन्ही हंगामांच्या तारखा एकच असल्याने वडीलही रायफल घेऊन बसू शकतात असा समज पसरतो. उत्तर विभागात जिथे तो विशेष हंगाम नाही तिथे वडिलांनी फक्त सोबत करायची आहे. मुलाला मात्र त्या काउंटीच्या सर्वसाधारण हंगामाचे नियम आणि मर्यादा लागू होतात. ज्या काउंटींत शिंगांचे बंधन आहे तिथे नराच्या शिंगांमधले आतले अंतर किमान तेरा इंच असले पाहिजे किंवा निदान एक शिंग बिनफाट्याचे असले पाहिजे. हे अंतर दुर्बिणीतून कसे जोखायचे याचा सराव छायाचित्रांवर आधी करून घ्यावा. हरणाचे कान पुढे वळलेले असताना दोन्ही कानांच्या टोकांपर्यंतची रुंदी साधारण तेरा इंच भरते, आणि मुलांना ही खूण पटकन समजते.

पालकाचे प्रशिक्षण : इथे सर्वाधिक लोक अडतात

टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक शिकाऱ्याला हंटर एज्युकेशन हे प्रशिक्षण आवश्यक आहे. नऊ वर्षांखालील मुलाला ते प्रमाणपत्र मिळत नाही, त्यामुळे त्याच्यासोबत पात्र प्रौढ असणे बंधनकारक आहे. नऊ ते सोळा वयाच्या मुलाने एकतर प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे किंवा त्याच्यासोबत पात्र प्रौढ असावा. पात्र प्रौढ म्हणजे किमान सतरा वर्षांची, स्वतः टेक्सासचा शिकार परवाना असलेली, आणि प्रशिक्षण पूर्ण केलेली किंवा जन्मतारखेमुळे त्यातून सूट असलेली व्यक्ती. तिने नेहमीच्या आवाजात बोललेले मुलाला ऐकू जाईल आणि मुलावर नियंत्रण ठेवता येईल इतक्या जवळ असले पाहिजे. शेजारच्या मचाणावर बसून फोनवर सूचना देणे यात बसत नाही.

आता आपल्याकडचे चित्र पाहा. दहा-बारा वर्षांच्या मुलांचे आईवडील जवळजवळ सगळे १९७१ नंतर जन्मलेले असतात, म्हणजे सूट कोणालाच नाही. «मी तर बंदूक चालवणार नाही, मला कशाला परवाना आणि प्रशिक्षण?» हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो, आणि त्याचे उत्तर असे आहे की मुलाने प्रशिक्षण घेतलेले नसेल तर त्याची कायदेशीर पात्रता पूर्णपणे आपल्या दोन कागदांवर उभी आहे. यावर काही जण दहा डॉलरचे डिफरल घेऊन मोकळे होतात. डिफरल म्हणजे प्रशिक्षण पुढे ढकलण्याची एकदाच मिळणारी सवलत. ती सवलत घेणाऱ्याला स्वतःलाच पात्र सोबती लागतो, त्यामुळे तो दुसऱ्याचा सोबती होऊ शकत नाही. डिफरल घेतलेले वडील आणि प्रशिक्षण नसलेली मुलगी असे दोघे मचाणावर बसले, तर त्या मचाणावर पात्र माणूस एकही नाही.

मार्ग सोपा आहे. सतरा किंवा त्याहून अधिक वर्षांच्या व्यक्तीला हे प्रशिक्षण संपूर्ण ऑनलाइन करता येते आणि एखाद्या शनिवार-रविवारी ते संपते. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना केवळ ऑनलाइन पुरत नाही. त्यांनी वर्गात जावे किंवा ऑनलाइन अभ्यासाला प्रत्यक्ष मैदानी सत्राची जोड द्यावी लागते. ही सत्रे स्वयंसेवक प्रशिक्षक घेतात आणि नाताळच्या सुट्टीत आपल्या शहराजवळ जागा मिळेल याची खात्री नसते, म्हणून मुलाचे प्रशिक्षण उन्हाळ्यातच उरकावे. न्यू जर्सीत किंवा इलिनॉयमध्ये पूर्वी केलेले प्रशिक्षण टेक्सास मान्य करते. त्याचे कार्ड मात्र जवळ बाळगावे लागते.

व्हिसावर असलेल्या पालकांसाठी

हा भाग शिकारीच्या नियमपुस्तिकेत सापडणार नाही, कारण तो राज्याचा नियम नसून अमेरिकेचा संघीय कायदा आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे बाळगणे हा संघीय गुन्हा आहे. त्याला मोजके अपवाद आहेत आणि त्यांपैकी आपल्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याने कायदेशीरपणे दिलेला, मुदत न संपलेला शिकार परवाना जवळ असणे. ग्रीन कार्ड असलेल्यांना हे बंधन लागू नाही.

याचा व्यवहारातला अर्थ नीट समजून घ्यावा, अशी कळकळीची विनंती आहे. मुलगा अमेरिकेत जन्मलेला नागरिक असेल, रायफल मित्राच्या वडिलांची असेल आणि आई एच-४ वर असेल, तर मुलाच्या हातातून रायफल क्षणभर घेऊन काडतूस भरून देणे हेसुद्धा बाळगणे ठरू शकते. म्हणून पालकाचा परवाना हा मुलाच्या सोबतीसाठी जितका लागतो तितकाच स्वतःच्या संरक्षणासाठीही लागतो. गेल्या ऑगस्टअखेरीस संपलेला परवाना इथे चालत नाही. मूलही एच-४ वर असेल तर त्याचा सात डॉलरचा परवाना हातात येईपर्यंत त्याला सरावासाठीसुद्धा नेमबाजीच्या मैदानावर नेऊ नये. ज्यांचा ग्रीन कार्डचा अर्ज सुरू आहे त्यांनी एकदा आपल्या वकिलालाही विचारून घ्यावे. या एका मुद्द्यावरून ज्यांचे वर्षानुवर्षांचे कागद धोक्यात येऊ शकतात, त्यांना त्याची सूचना देण्याची जबाबदारी कोणत्याच खिडकीवरचा माणूस घेत नाही, हे मला अतिशय अयोग्य वाटते.

दुसरी अडचण सोशल सिक्युरिटी क्रमांकाची. पोटगीच्या वसुलीसाठी केलेल्या संघीय कायद्यामुळे राज्ये अशा परवान्यांच्या अर्जात हा क्रमांक विचारतात, आणि एच-४ वरील मुलांकडे तो सहसा नसतो. ऑनलाइन अर्ज तिथेच अडला तर खोटा किंवा वडिलांचा क्रमांक भरू नये. मुलाचा पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेतील प्रवेशाची नोंद) घेऊन काउंटरवर जावे.

पालकाच्या परवान्याची किंमत रहिवासावर ठरते. रहिवाशाला तो पंचवीस डॉलरना मिळतो, बाहेरच्याला तीनशे पंधरा डॉलरना. टेक्सासमध्ये सलग सहा महिन्यांहून अधिक काळ राहिलेली व्यक्ती रहिवासी धरली जाते. नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातून बदलून आलेल्या पालकाने केवळ नवे ड्रायव्हिंग लायसन्स मिळाले म्हणून रहिवासी परवाना घेऊ नये.

जमीन आणि हत्यार

टेक्सासमधील बहुतांश जमीन खासगी आहे आणि मालकाच्या संमतीशिवाय शिकार करणे गुन्हा आहे. संमती लेखी घ्यावी. ज्यांची अशी ओळख नाही त्यांनी टेक्सास युथ हंटिंग प्रोग्रॅमकडे पाहावे. टेक्सास वाइल्डलाइफ असोसिएशन आणि राज्याचे खाते यांनी मिळून १९९६ साली तो सुरू केला आणि तो नऊ ते सतरा वयाच्या मुलांना पालकांसह मार्गदर्शित शिकारीवर नेतो. तिथे मुलाचे स्वतःचे प्रशिक्षण प्रमाणपत्र लागतेच. पालक पात्र आहेत ही सबब चालत नाही, आणि अर्ज यावरूनही परत जातात. राज्याच्या जमिनीवरील शिकारीच्या अनेक संधी सोडतीने मिळतात आणि त्यांच्या अर्जाची मुदत बरीच आधी संपते. तिथे मुलाने व पालकाने डोक्यावर भगव्या-नारिंगी चमकत्या रंगाची टोपी आणि अंगावर त्याच रंगाचे किमान चारशे चौरस इंच कापड घालणे सक्तीचे आहे, त्यातले १४४ छातीवर आणि १४४ पाठीवर. खासगी जमिनीवर सक्ती नाही, पण मुलाच्या अंगावर ते घालावेच.

लहान मुलाच्या खांद्याला धक्का बसू नये म्हणून पॉइंट २२ ची हलकी रायफल नेण्याची चूक अनेक प्रेमळ पालक करतात. कोणत्याही कॅलिबरचे रिमफायर काडतूस, म्हणजे पॉइंट २२ सारखे बुडाच्या कडेवर आघात होऊन उडणारे काडतूस, हरणासाठी बेकायदा आहे. मुलांसाठी पॉइंट २४३ विंचेस्टरसारखे सौम्य धक्क्याचे सेंटरफायर काडतूस सर्रास वापरले जाते. गोळी सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच चालवता येते.

केरव्हिलच्या आसपासच्या डोंगराळ भागात मचाणासमोर चितळ किंवा काळवीटही येऊ शकतात, कारण भारतातून आणलेल्या या प्राण्यांची तिथे मोकळी वस्ती झाली आहे. भारतात १९७२ च्या कायद्याने संरक्षित असलेला काळवीट इथे परदेशी प्राणी गणला जातो. त्याला हंगामही नाही आणि टॅगही (मारलेल्या प्राण्याला लावायची परवान्यातली चिठ्ठी) लागत नाही, मात्र शिकार परवाना आणि मालकाची संमती लागतेच. मालकाने व्हाइट-टेलची परवानगी दिली म्हणजे चितळाची दिली असे होत नाही, कारण त्याची किंमत तो वेगळी लावतो.

हरीण पडल्यावर

इथे मुले थरथरत असतात, आईवडील फोटो काढत असतात आणि टॅग विसरला जातो. टॅग मुलाच्याच परवान्याचा लागतो. वडिलांचा टॅग मुलाच्या हरणाला लावणे गुन्हा आहे. परवान्याच्या लांब पट्टीतून योग्य टॅग सोडवावा आणि त्यावरील महिना व तारीख यांचे चौकोन चाकूच्या टोकाने कापून काढावेत. पेनने फुली मारलेली चालत नाही. उरलेली माहिती शाईने भरावी आणि परवान्याच्या मागील नोंदतक्ताही तिथेच भरावा. पट्टीचा कागद दवाने मऊ पडतो, म्हणून ती आधीच झिप असलेल्या पिशवीत ठेवावी आणि सोबत दोरी न्यावी. हे सगळे मुलालाच करू द्यावे, आपण फक्त विजेरी धरावी. हरीण अंतिम ठिकाणी पोहोचेपर्यंत टॅग आणि लिंग ओळखण्याचा पुरावा सोबत राहिला पाहिजे. वाटेत गेम वॉर्डनने (शिकारीचे कायदे राबवणाऱ्या अधिकाऱ्याने) थांबवले तर तो मुलाचा परवाना, पालकाचा परवाना, प्रशिक्षणाचा पुरावा आणि पालकाचे ओळखपत्र मागेल.

मांस शेजाऱ्यांना किंवा मित्रांना वाटायचे असेल आणि टॅग मूळ धडासोबत राहणार असेल, तर प्रत्येक वाट्यासोबत वाइल्डलाइफ रिसोर्स डॉक्युमेंट, म्हणजे ते मांस कोणाच्या शिकारीचे आहे हे सांगणारा कागद, द्यावे. नियमपुस्तिकेत त्याचा नमुना असतो आणि त्यावर देणाऱ्याचे नाव-पत्ता व परवाना क्रमांक, घेणाऱ्याचे नाव, मारल्याची तारीख आणि ठिकाण लिहून शिकाऱ्याची सही लागते. शिकारी मुलगी असेल तर सही मुलीचीच.