पुरुष नसबंदी: शस्त्रक्रिया सोपी झाली, पुरुष मात्र मागे सरले

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ३७.९ टक्के जोडप्यांत बाईची नसबंदी झालेली आढळली. पुरुषाची नसबंदी झालेली जोडपी होती ०.३ टक्के. बाईच्या शस्त्रक्रियेत पोटात शिरावे लागते. पुरुषाचे काम कातडीच्या अगदी खाली, जागेपुरती भूल देऊन, दहा-पंधरा मिनिटांत होते आणि तो त्याच दिवशी पायी घरी जातो. धोका कमी, खर्च कमी, बरे व्हायला लागणारे दिवस कमी. तरीही भार बाईवरच. हे पहिल्यापासून असे नव्हते. १९६०च्या दशकात आणि १९७०च्या सुरुवातीला भारतात होणाऱ्या नसबंदींमध्ये पुरुषांचीच संख्या मोठी होती.

महाराष्ट्रात या विषयाची सुरुवात सरकारने केली नाही. विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र उघडले आणि या कामापायी नोकरी गमावली. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, ते १९५३ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत. वाचक पत्राने प्रश्न विचारत. घरच्या डॉक्टरला विचारायची लाज वाटावी, असे प्रश्न. कर्वे त्यांना सरळ भाषेत उत्तरे देत. त्या उत्तरांवरूनच अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, पण कर्वे खटला हरले. पुरुषाला त्याच्या शरीराविषयी खासगीत आणि खरे सांगणारा माणूस हवा असतो, ही गरज मराठीत तेव्हाच नोंदली गेली होती. पुढच्या सरकारी कार्यक्रमाने नेमकी तीच बाजूला ठेवली.

१९५२ मध्ये भारताने राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम हाती घेणारा हा जगातला पहिला देश. नसबंदी जोरात आली ती १९६०च्या दशकात. मुंबई महापालिकेच्या कुटुंब नियोजन विभागाचे डॉ. दत्ता पै यांनी दवाखाना गर्दीपाशी नेला आणि रेल्वे स्थानकांवर नसबंदीची सोय केली. शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याला पैसे मिळत, त्याला घेऊन येणाऱ्यालाही मिळत. सोय जवळ नेण्याची कल्पना चांगलीच होती. पण आणणाऱ्याला माणशी पैसे दिले की तो योग्य माणूस शोधून त्याला समजावत बसत नाही, जो सापडेल त्याला आणतो, आणि सापडतात ते गरीब.

केरळातल्या एर्नाकुलमने याचा मेळा केला. जिल्हाधिकारी एस. कृष्णकुमार यांच्या पुढाकाराने १९७०च्या अखेरीस भरलेल्या शिबिरात सुमारे १५ हजार पुरुषांची नसबंदी झाली. जुलै १९७१ च्या शिबिरात एका महिन्यात ६३ हजारांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या जवळपास सगळ्या पुरुषांच्या. रोख रक्कम, वस्तू, मिरवणूक, करमणूक असे सगळे तिथे होते. मग इतर राज्यांनी तोच नमुना उचलला. १९७२-७३ मध्ये देशभरात सुमारे ३१ लाख नसबंदी झाल्या.

आकडे वाढत असताना टेबलापाशी काय होत होते, याकडे लक्ष राहिले नाही. शिबिरात एकामागून एक माणूस येतो. अवजारे उकळायला लागणारी मिनिटे वाचवली जातात, हातमोजे बदलले जात नाहीत. जखम वृषणकोशाच्या सैल कातडीत असल्याने रक्तस्राव आत साचतो आणि बाहेरून लवकर दिसत नाही. माणूस दुसऱ्या दिवशी सायकल मारत शेतावर जातो, गाठ सुजते, त्यात पू होतो. तोवर शिबिराचा तंबू उठलेला असतो. दाखवायचे कुणाला? १९७२ मध्ये गोरखपूरच्या शिबिरानंतर धनुर्वाताने पुरुष दगावले. अशी एक बातमी आसपासच्या शंभर गावांत पोहोचते.

आणीबाणीत जे झाले त्याने शेवट केला. एप्रिल १९७६ च्या लोकसंख्या धोरणात नसबंदीची रोख रक्कम वाढवली गेली: दोन मुलांनंतर केली तर १५० रुपये, तीन मुलांनंतर १००, चार किंवा अधिक असतील तर ७०. पैसे हा त्यातला सौम्य भाग होता. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांना कोटे ठरवून दिले गेले. कुठे पगार अडला, कुठे रेशनकार्ड, कुठे परवाना. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा होऊ शकले नाही. त्याआधीच, जानेवारी १९७६ मध्ये, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत मोहिमेच्या पहिल्या दिवसांत कुणी फिरकेना, तेव्हा रस्त्यावरची माणसे गाडीत घालून नेण्यात आली.

१९७६-७७ मध्ये देशात सुमारे ८२ लाख नसबंदी झाल्या. त्यातल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगापुढे नसबंदीशी जोडलेल्या १,७७४ मृत्यूंची आणि अविवाहितांवर शस्त्रक्रिया केल्याच्या ५४८ तक्रारींची नोंद आली. पुढच्याच वर्षी पुरुषांचा आकडा दोन लाखांच्याही खाली घसरला. सरकार बदलले, कार्यक्रमाचे नाव ‘कुटुंब कल्याण’ झाले. पुरुष परत आले नाहीत.

त्यानंतरची गोष्ट कमी सांगितली जाते, पण आजची स्थिती तिनेच घडवली. पुरुषांना हात लावायला राजकारणी धजेनात, म्हणून उद्दिष्टे बायकांकडे वळली. त्याच सुमारास दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली आणि बाईची नसबंदीही शिबिरात बसू लागली. उद्दिष्ट पुरे करायची जबाबदारी उपकेंद्रातल्या नर्सबाईंवर पडली. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने गावपातळीवर स्त्री आणि पुरुष असे दोन्ही बहुउद्देशीय कर्मचारी सुचवले होते. पुरुष कर्मचारी हिवतापाच्या रक्तपट्ट्या, पाण्याचे नमुने आणि साथी यांतच गुंतला, आणि अनेक ठिकाणी त्याची जागा रिकामीच राहिली. नर्सबाई, पुढे आशाताई, घरात बोलतात ते बाईशी. तिशीतल्या पुरुषाला प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच्यासाठी नेमलेले कुणी भेटत नाही. जागृती कमी पडते, असे म्हणताना ही रिकामी खुर्ची आधी मोजली पाहिजे. १९९६ मध्ये वरून येणारी उद्दिष्टे कागदावर रद्द झाली. २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात शिबिरानंतर १३ बायका दगावल्या, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितले.

मधल्या काळात शस्त्रक्रिया पार बदलली होती. चीनच्या सिचुआन प्रांतातले डॉ. ली शुनचियांग यांनी १९७४ मध्ये बिनटाक्याची पद्धत बसवली. डिसेंबर १९८७ मध्ये बँकॉकला, थायलंडच्या राजाच्या वाढदिवशी, एका दिवसात १,२०३ पुरुषांवर जुनी आणि नवी अशा दोन्ही पद्धती वापरल्या गेल्या. नव्या पद्धतीत गुंतागुंत ०.४ टक्के निघाली, जुन्या पद्धतीत ३.१ टक्के. १९९०च्या दशकात दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. आर. सी. एम. काझा यांनी ती भारतात रुजवली. आज सरकारी रुग्णालयांत हीच पद्धत वापरतात.

तिची सगळी करामत बोटांत आहे. डॉक्टर डाव्या हाताच्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाने शुक्रवाहिनी, म्हणजे वृषणातून शुक्राणू वाहून नेणारी नळी, कातडीखाली मधोमध आणून पक्की धरतात. चाचपल्यावर ती ताठ दोरीसारखी लागते. लिग्नोकेन या भुलीच्या औषधाचे इंजेक्शन देतात, टोकाला गोल कडी असलेल्या चिमट्याने कातडीसकट वाहिनी पकडतात आणि दुसऱ्या टोकदार चिमट्याने एकच छिद्र पाडून ते फाकवतात. सुरी नाही, त्यामुळे रक्तवाहिन्या कापल्या न जाता बाजूला सरकतात. वाहिनीचा साधारण एक सेंटिमीटर तुकडा काढून दोन्ही टोके रेशमी धाग्याने बांधतात आणि एक टोक भोवतीच्या पातळ आवरणाच्या आड ठेवतात, म्हणजे दोन टोके पुन्हा जुळायची शक्यता कमी होते. त्याच छिद्रातून दुसरी बाजू. टाका नाही, नुसती पट्टी.

‘कमजोरी येते’ ही भीती आणीबाणीच्याही आधीची आहे, आणि तिला उत्तर देणारा माणूस गावात नसल्यामुळे ती टिकली आहे. पुरुषी संप्रेरक वृषणातून थेट रक्तात मिसळते, शुक्रवाहिनीतून जात नाही. वाहिनी बांधल्याने त्याला काही होत नाही. वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथी तयार करतात, त्यामुळे प्रमाणातही फरक जाणवत नाही. वृषणात शुक्राणू तयार होतच राहतात आणि शरीर ते शोषून घेते.

सरकारी मानकांनुसार पुरुषाचे लग्न झालेले असावे, वय ६० च्या आत असावे आणि किमान एक मूल वर्षापेक्षा मोठे असावे. बायकोच्या सहीची अट नाही. २००७ मध्ये केंद्राने शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याला १,१०० रुपये ठरवले, तो बुडालेल्या मजुरीचा मोबदला म्हणून. रक्त-लघवी तपासून घेतात. घट्ट लंगोट किंवा आतली चड्डी सोबत न्यावी. अंघोळ चोवीस तासांनंतर, हलके काम दोन दिवसांनी, सायकल आणि जड ओझे आठवड्याने. सूज वाढत गेली, ताप आला किंवा पू दिसला तर सातव्या दिवसाच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दवाखान्यात जावे.

शस्त्रक्रिया फसली अशी तक्रार होते तेव्हा बऱ्याचदा पहिले तीन महिने आड आलेले असतात. बांधलेल्या जागेच्या पुढे आधीचे शुक्राणू शिल्लक असतात आणि ते निघून जायला वेळ लागतो. तोवर निरोध वापरावाच लागतो. खरे अपयश हजारात एखादे असते: टोके पुन्हा जुळलेली, किंवा घाईत एकच वाहिनी दोनदा बांधलेली. दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा तीन महिन्यांनंतरच्या वीर्यतपासणीत कळतात. हीच तपासणी सर्वांत जास्त चुकवली जाते, कारण नमुना द्यायला आडोशाची खोली अनेक ग्रामीण रुग्णालयांत नसते आणि पुरुष लाजून परततो. घर जवळ असेल तर नमुना घरी घेऊन तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवता येतो. त्यासाठी रुंद तोंडाची स्वच्छ, कोरडी बाटली शस्त्रक्रियेच्या दिवशीच मागून घ्यावी. अहवालात शुक्राणू शून्य आल्यावरच नसबंदीचे प्रमाणपत्र मिळते, आणि निरोध थांबवायचा तो त्यानंतर.