प्रयत्नांची आखणी (भारोत्तोलन)

भारोत्तोलनाच्या स्पर्धेत कोणत्या प्रयत्नाला किती वजन मागायचे हे ठरवणे म्हणजे प्रयत्नांची आखणी. ठाणे-नवी मुंबईच्या व्यायामशाळांत मुले एवढेच विचारतात, ‘सर, ओपनिंग किती?’ प्रश्न नेमका आहे, कारण सगळी आखणी ओपनिंगवर, म्हणजे पहिल्या प्रयत्नावर उभी असते.

स्नॅच (बार एका दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यांवर, मग डोक्यावर) या दोन प्रकारांत प्रत्येकी तीन प्रयत्न मिळतात आणि दोन्हींतल्या सर्वोत्तम उचलींची बेरीज धरली जाते. बारवरचे वजन चढतच जाते. पहिला प्रयत्न फसला, तर त्याहून कमी मागता येत नाही. एका प्रकारातले तिन्ही फसले, तर बेरीजच लागत नाही. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानूचे क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न फसले आणि स्नॅचचे ८२ किलो वाया गेले. टोकियोत तिने स्नॅचला ८४ आणि ८७, तर क्लीन अँड जर्कला ११० आणि ११५ किलो उचलले. २०२ किलोंवर रौप्यपदक आले.

ओपनिंग म्हणजे अंग जड असलेल्या दिवशीही हमखास जाणारे वजन. सरावातल्या सर्वोत्तमाच्या ९० ते ९३ टक्के हा चांगला अंदाज. सरावात ५८ किलोंचा स्नॅच मारणाऱ्या मुलीने ५३ने सुरुवात करावी, मग ५६, मग ५८ किंवा ५९. ‘५८ मारलंय ना, मग ५६नेच सुरू करू’ हा मोह नवख्यांना हटकून होतो. तो प्रशिक्षकाने मोडलाच पाहिजे. स्पर्धेच्या दोन तास आधी अंगाचे वजन करून द्यावे लागते. वजनगट गाठण्यासाठी आदल्या रात्रीपासून उपाशी असलेली मुलगी नेरुळहून ठाण्यापर्यंत लोकलमध्ये उभी आली असेल, हातावरची पावडर मे महिन्याच्या घामाने भिजत असेल, तर वहीतला आकडा एखाद-दोन किलोंनी उतरवण्यात कमीपणा नाही.

नियमांत हालचालीला जागा आहे. नाव पुकारल्यावर ६० सेकंद मिळतात, लागोपाठ उचलायचे असल्यास दोन मिनिटे. यशस्वी उचलीनंतर किमान एक किलो वाढतो आणि प्रत्येक प्रयत्नाचा आकडा दोनदा बदलता येतो. म्हणूनच प्रशिक्षक टेबलाजवळ उभा राहून इतरांची कार्डे (कोणी किती वजन मागितले याची नोंद) वाचतो, आपल्या मुलीआधी किती उचली आहेत ते मोजतो आणि त्या हिशेबाने वॉर्म-अपच्या उचली मागेपुढे करतो. हिशेब चुकला की ती एकतर थंड पडते किंवा धापा टाकत मंचावर जाते. वॉर्म-अपमध्ये बार जड वाटला, तर ओपनिंग तिथेच खाली आणावे. मंचावर तो हलका होत नाही.

शेवटच्या प्रयत्नांत गणित प्रतिस्पर्ध्याचे होते. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीचा संकेत सरगर ५५ किलो गटात स्नॅचला ११३ किलो उचलून सहा किलोंनी पुढे होता. क्लीन अँड जर्कला १३५ झाले, पण पुढे १३९ फसले, शेवटचा प्रयत्नही फसला आणि कोपर दुखावले. बेरीज २४८. मलेशियाच्या मोहम्मद अनिकने १४२ उचलून २४९ गाठले. चार किलोंची उडी धाडसाची वाटते, तरी हिशेब बरोबर होता: १३९ गेले असते, तर अनिकला सुवर्णासाठी १४६ मागावे लागले असते.