खडाखडीतलं विज्ञान

कुस्तीच्या फडात दोन मल्ल बराच वेळ नुसती खडाखडी करत, म्हणजे थेट न भिडता एकमेकांचा अंदाज घेत राहिले की कडेने आरडाओरडा सुरू होतो. एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या पिंजऱ्याभोवतीही तेच. जो अंगावर जातो तो शूर, जो थांबतो तो भित्रा, असं ठरवून लोक मोकळे होतात. मला हे अन्यायाचं वाटतं. एमएमएतल्या फ्रान्सिस एनगानूच्या तीन लढती पाहिल्या की त्याचं कारण कळतं.

एनगानू कॅमेरूनमधल्या बातिए गावचा, लहानपणी वाळूच्या खाणीत राबलेला. 20 जानेवारी 2018 रोजी बॉस्टनमध्ये तो हेवीवेट विजेता स्टिपे मिओचिचसमोर उभा राहिला आणि पहिल्याच राउंडमध्ये सगळा जीव लावून तुटून पडला. मिओचिचने डोकं वाचवलं, कमरेला मिठी घातली, त्याला खाली पाडलं. पुढचे चार राउंड एनगानूचे हात वर राहत नव्हते. तिन्ही पंचांनी मिओचिचच्या बाजूने 50-44 असा निकाल दिला.

त्याच्या हातांचं असं का झालं? स्नायूंत झटक्याच्या कामासाठी क्रिएटिन फॉस्फेटचा साठा असतो. पूर्ण ताकदीने काम केलं तर तो साधारण दहा सेकंदांत संपत येतो. त्यानंतर स्नायू ऑक्सिजनशिवाय साखर फोडतात. ऊर्जा झटपट मिळते, पण आम्लता वाढते, फॉस्फेट साचतं आणि स्नायूचं आकुंचनच ढिलं पडतं. हा साठा पूर्ण भरायला काही मिनिटं लागतात आणि दोन राउंडमधली विश्रांती असते एका मिनिटाची. त्यात हुकलेला ठोसा दुप्पट महाग पडतो, कारण हवेत गेलेला हात थांबवायलाही स्नायूच लागतात. पैलवान ज्याला दमसास म्हणतात, तो हा हिशोब.

मग 7 जुलै 2018, लास वेगास, समोर डेरिक लुइस. दोघंही एका ठोशात लढत संपवणारे. पण 15 मिनिटांत दोघांचे मिळून लागलेले ठळक फटके किती, तर 31. त्यातले एनगानूचे 11. मागच्या लढतीतली भीती मी सोबत घेऊन आलो होतो, अशी कबुली त्याने नंतर दिली. सावधपणावरचा राग इथे मला मान्य आहे. लढत टाळणं हा एमएमएच्या नियमांतही फाउलच धरला जातो.

पण प्रत्येक थांबणं असं नसतं. 1985 साली ब्रिटिश संशोधकांनी हेवीवेट बॉक्सर फ्रँक ब्रुनोचा ठोसा मोजला. लक्ष्यावर आदळताना मुठीचा वेग होता सेकंदाला 8.9 मीटर आणि तिथवर पोचायला तिला लागला सेकंदाचा जेमतेम दहावा हिस्सा. डोळ्यांनी पाहून हालचाल सुरू करायला माणसाला साधारण पाचवा हिस्सा लागतो. म्हणजे ठोसा दिसल्यावर चुकवायचा म्हटलं तर उशीर झालेला असतो. तो सुटायच्या आधीच ओळखावा लागतो: खांदा किंचित मागे गेला का, कंबर वळली का, पुढच्या पायावर भार आला का. खडाखडीत हेच वाचन चालू असतं. खोटी हूल द्यायची आणि समोरचा कुठे दचकतो ते टिपून ठेवायचं.

शिवाय अंगावर जाणारा स्वतःचं डोकं समोरच्या मुठीकडे नेत असतो. समजा, तो सेकंदाला दोन मीटर वेगाने पुढे येतोय. ब्रुनोच्या 8.9 मध्ये ते दोन मिळवले की 10.9. वेग वाढला पाव पटीहून कमी, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या हिशोबाने वाढते, म्हणजे दीडपट. 12 डिसेंबर 2015 रोजी एमएमएच्या लढतीत जोसे आल्डो कॉनर मॅकग्रेगरवर झेपावला, तेव्हा मॅकग्रेगरने मागे सरकत डावा ठोसा मारला. दहा वर्षं न हरलेला आल्डो 13 सेकंदांत खाली होता.

27 मार्च 2021 रोजी एनगानू पुन्हा मिओचिचसमोर आला आणि माणूस बदललेला होता. अंतर राखून उभा, पायावर एखादी लाथ, मोजका ठोसा. मिओचिचने खाली पाडायचा प्रयत्न केला, तो त्याने वरून भार टाकून हाणून पाडला. पहिला राउंड संपला तेव्हा त्याचा श्वास शांत होता, हात वर होते. दुसऱ्या राउंडमध्ये सरळ डाव्या ठोशाने त्याने मिओचिचला हलवलं. मिओचिच सावरला, त्याचा एक ठोसा लागलाही, आणि त्या भरात तो पुढे आला. एनगानूचा डावा हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, त्या पुढे येणाऱ्या डोक्यावर बसला. राउंडच्या घड्याळात 52 सेकंद झाले होते.