लेदर कोरल मिटून बसलंय? आधी हे वाचा

‘कोरल गेलं वाटतं’ असा फोन आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला: वास येतोय का?

खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं, अळंबीसारखं दिसणारं हे मऊ कोरल अधूनमधून कात टाकतं. पॉलिप, म्हणजे छत्रीवरचे बारीक तुरे, आत ओढून घेतं, छत्री सुरकुतते आणि वर मेणचट, चकचकीत पापुद्रा चढतो. छत्रीवर बसलेलं शेवाळ आणि गाळ त्या पापुद्र्यासोबत निघून जातो. कधी चार दिवसांत उरकतं, कधी दोन आठवडे लागतात. हातमोजा घालून दाबून पाहा. अंग घट्ट असेल आणि वास नसेल तर चिंता नको. वेव्हमेकरचा (टँकमधलं पाणी खेळतं ठेवणाऱ्या पंपाचा) झोत छत्रीवरून जाईल असा वळवा. ब्रशने मात्र खरवडू नका, तो उत्साह महागात पडतो.

एखादा भाग काळपट, लिबलिबीत झालाय, दाबल्यावर सुटून येतोय आणि सडक्या अंड्याचा वास आहे? मग ती कूज. तिथे थांबू नका. टँकचंच पाणी वेगळ्या भांड्यात घ्या, नव्या ब्लेडने कुजका भाग काढा आणि कडेचं थोडं निरोगी मांसही कापा. चीक टँकमध्ये जाऊ देऊ नका, कारण लेदर कोरल शेजाऱ्यांना जाच होईल अशी रसायनं सोडतं. टँकच्या फिल्टरमध्ये ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन भरा, तो ही रसायनं शोषून घेतो. छत्री पूर्ण गेली तरी देठ शाबूत असेल तर तो फेकू नका, त्याला पुन्हा छत्री फुटते.

कात नाही, कूजही नाही, नुसतंच कोमेजलंय? मग पाणी मोजा. सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, विशिष्ट गुरुत्वाच्या मापात १.०२५ ते १.०२६ हवी, तापमान २४ ते २६ अंश. एप्रिल-मेमध्ये टँकवर पंखा लावला की पाणी उडतं, मीठ उडत नाही. तरी घटलेली पातळी मिठाच्या पाण्याने भरणारे ग्राहक आम्हाला दर उन्हाळ्यात भेटतात. भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची. उष्णतेने रंग उडून पांढरं पडलेलं कोरल मेलेलं नसतं. त्याच्या अंगातलं सूक्ष्म शैवाल बाहेर पडलेलं असतं. प्रकाश कमी करा आणि तापमान हळूहळू उतरवा. एकावेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही.

माशांच्या व्हाइट स्पॉटवरची (अंगावर पांढरे ठिपके येण्याच्या रोगावरची) बरीच औषधं तांब्याची असतात. ती या टँकमध्ये थेंबभरही नकोत. माशाला वेगळ्या टाकीत औषध द्या.

दगडी कोरल आमच्याकडे मिळत नाही आणि मिळणारही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये ते आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून ‘आठवण’ म्हणून आणलेला तुकडाही त्यातच मोडतो.

तरीही शंका असेल तर अर्धा लिटर टँकचं पाणी बाटलीत घेऊन दुकानात या, आम्ही मोजून देऊ. फोटो पाठवत असाल तर निळा दिवा बंद करून, पांढऱ्या उजेडात काढा. निळ्या उजेडात सगळीच कोरल ठणठणीत दिसतात.